चित्र पाहावे कसे, त्याविषयी बोलावे कसे

बारामतीचे नाव घेतले की मराठी रसिकाला मोरोपंतांचे स्मरण होते. पन्हाळ्यास जन्मलेले हे कविवर्य (१७२९–१७९४) बारामतीस स्थिरावले आणि कऱ्हेच्या काठी त्यांनी आयुष्यभर काव्यरचना केली. त्यांच्या काव्याविषयी बोलावयाचे झाल्यास आपल्यापाशी शब्दांची वाण नाही. आर्या म्हणजे काय, मात्रा कशा मोजाव्यात, यमक कोठे साधले, अनुप्रास कोठे ओढून आणला, हे शाळेत व्याकरणाचा तास मनापासून ऐकलेला कोणताही विद्यार्थी सांगू शकतो. त्यांचे ‘निरोष्ठ रामायण’ ओठांनी उच्चारावयाची अक्षरे टाळून रचलेले आहे, एवढे कळले की त्यातील कसरत ध्यानात येते. ती आवडावी की नावडावी हा निर्णय पुढचा. निर्णयापूर्वी काय घडले आहे ते सांगता येते, हे महत्त्वाचे.

आता बारामतीहून इंदापूर तालुक्यात पळसदेवकडे जावे. तेथील जुन्या देवळाच्या परिसरात वीरगळ आहेत. वीरगळ म्हणजे लढाईत कामी आलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेली कोरीव शिळा. तिच्यासमोर उभे राहिलेल्या सुशिक्षित माणसाच्या तोंडून बहुधा दोनच वाक्ये निघतात: ‘छान आहे’ आणि ‘फार जुने दिसते’. पहिल्या वाक्याने पाहणाऱ्याची प्रसन्नता कळते, दुसऱ्याने शिळेचे वय. शिळेवर काय कोरले आहे आणि ते कसे कोरले आहे, यांविषयी दोन्ही वाक्ये मौन पाळतात. आपल्या चर्चमधील मूर्ती, क्रुसाच्या वाटेवरील चित्रे, घरातील पवित्र हृदयाची तसबीर यांच्याविषयीही आपण याहून अधिक बोलत नाही.

ही उणीव केवळ शब्दांची असती तर तिची एवढी चिंता करण्याचे कारण नव्हते. परंतु ज्या वस्तूचे वर्णन करता येत नाही, ती वस्तू राखताही येत नाही, असा आमचा अनुभव आहे. जुन्या लाकडी मूर्तीवर झगझगीत तैलरंगाचा हात फिरतो, कोरीव वेदीच्या जागी गुळगुळीत फरशी येते, जुनी चित्रे माळ्यावर जातात आणि नवी, अधिक चकचकीत चित्रे भिंतीवर चढतात. हे सारे सद्भावनेने होते. त्या वेळी एखाद्याला आत कोठेतरी रुखरुख लागते. पण काय गमावले जात आहे हे सांगावयास त्याच्यापाशी शब्द नसतो, म्हणून तो गप्प बसतो. कलेच्या प्राथमिक परिभाषेचा प्रश्न आम्हांला जिव्हाळ्याचा वाटतो तो या कारणाने.

ही परिभाषा कठीण आहे, पंडितांची आहे, असा एक गैरसमज आहे. वस्तुतः तिच्यातील बहुतेक शब्द आपल्या घरादारात वावरत असतात. रांगोळी काढणारी गृहिणी ठिपके मांडते तेव्हा ती रचना करीत असते. ठिपके जोडते तेव्हा रेषा. आणि मधली मोकळी जागा राखते तेव्हा अवकाश. लुगडे निवडताना ती कापडाचा पोत बोटांनी पाहते, काठ आणि अंग यांचा मेळ बसतो की नाही हे डोळ्यांनी जोखते, एक रंग दुसऱ्याला उठाव देतो की मारतो हे क्षणात ओळखते. भिंत बांधणारा गवंडी ओळंबा धरतो, तेव्हा उभ्या रेषेचा अर्थ त्याला कोणी समजावून द्यावा लागत नाही. नांगरलेल्या रानातील सऱ्या दूर जाता जाता एकमेकींच्या जवळ येताना दिसतात; चित्रकार ज्याला यथादर्शन म्हणतात, ते शेतकऱ्याच्या नजरेत रोजचेच आहे. द. ग. गोडसे यांच्यासारख्या चित्रकार-समीक्षकाने १९६३ साली आपल्या पुस्तकाला ‘पोत’ हे नाव दिले. कापडाच्या दुकानातील शब्द मराठी कलासमीक्षेत असा सन्मानाने बसला. म्हणजे शब्द आपल्यापाशी आहेत. ते चित्रासमोर उच्चारण्याची सवय तेवढी नाही.

तेव्हा प्रथम मोजके शब्द हाताशी घेऊ. रेषा: ती सरळ की वळणदार, ठाम की थरथरती, सलग की तुटक. आकार: तो बंदिस्त की मोकळा. रंग: गडद की फिकट, उष्ण की शीतल. छायाप्रकाश: उजेड कोठून येतो, सावली कोठे पडते, की उजेड-सावलीचा विचारच केलेला नाही. पोत: पृष्ठभाग खरखरीत, मऊ, चकचकीत की मंद. अवकाश: खोली दाखविली आहे की सारे एकाच पातळीवर आहे. प्रमाण: कोण मोठे, कोण लहान, आणि तसे का. रचना: हे सर्व घटक एकत्र कसे बांधले आहेत, नजर कोठून शिरते आणि कोठे विसावते. शेवटी माध्यम: वस्तू दगडाची, लाकडाची, मातीची, प्लास्टरची की कागदावरील जलरंगाची. या नऊ शब्दांवर सामान्य रसिकाचे बरेचसे काम भागते.

हे शब्द घेऊन वीरगळाकडे परत जाऊ. माध्यम दगड, काम उठावाचे, म्हणजे आकृती पाठीमागच्या शिळेपासून पूर्ण सुटलेल्या नाहीत. शिळा उभी, आणि तिच्यावर सामान्यतः तीन-चार आडवे चौकटीवजा पट्टे. पुष्कळ वीरगळांत सर्वांत खालच्या पट्ट्यात वीर धारातीर्थी पडलेला असतो. काही ठिकाणी गुरेही दिसतात, कारण गोधन राखताना आलेले मरण हे वीरमरणच मानले जाई. त्याच्या वरच्या पट्ट्यात अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेतात. त्याच्याही वर वीर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला असतो, आणि माथ्यावर सूर्य-चंद्र. त्यांची कीर्ती आहे तोवर याचीही कीर्ती राहो, हा त्यांचा आशय.

येथवर झाले ते वर्णन. आता रचना पाहू. ही शिळा पुस्तकाच्या पानासारखी वरून खाली वाचावयाची नाही. ती खालून वर वाचावयाची आहे. मरण पायाशी आणि मुक्ती माथ्याशी, असा तिचा क्रम. म्हणून पाहणाऱ्याची मानही नकळत वर उचलली जाते. खालच्या पट्ट्यात तलवारी, ढाली, घोडे यांच्या तिरप्या रेषांची गर्दी, आणि त्या गर्दीत आडवा पडलेला एक देह. मधल्या पट्ट्यात तिरप्या रेषा विरतात आणि वीराच्या दोहों बाजूंस सारख्या आकृती येतात. वरच्या पट्ट्यात तर हालचाल थांबतेच. बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तीन तत्त्वे सांगितली. त्यांचा उपयोग करून असे म्हणता येईल की या शिळेत नजर विरोधाकडून समतोलाकडे आणि तेथून संवादाकडे चढत जाते. शिल्पी ग्रामीण असेल, त्याच्या आकृती ठेंगण्या आणि नाक-डोळे ढोबळ असतील. पण कोणती गोष्ट कोठे ठेवावी हे त्याला पक्के ठाऊक होते. ‘छान’ या शब्दाने ही गोष्ट कधीच सांगता आली नसती.

आमच्या वाचकांना हे वर्णन ऐकताना आणखी काही आठवावे. चर्चच्या दोन्ही भिंतींवर क्रुसाच्या वाटेची चौदा स्थाने असतात. तीही पट्ट्यापट्ट्यांनी सांगितलेली मरणाची कथाच आहे. फरक असा की वीरगळाची कथा उभी चढते आणि पाहणारा जागीच उभा राहतो. क्रुसाची वाट भिंतीवरून आडवी जाते आणि पाहणाऱ्याला स्वतः चालावे लागते. एका ठिकाणी मान उचलावयाची, दुसऱ्या ठिकाणी पाय उचलावयाचे. वीरगळाच्या माथ्यावर शेवट सांगून टाकलेला असतो. चौदाव्या स्थानाशी मात्र कबर बंद होते आणि पुढचे श्रद्धेवर सोपविले जाते. ही तुलना धर्माधर्मांत श्रेष्ठकनिष्ठ ठरविण्यासाठी नाही. रचना बदलली की पाहणाऱ्याचे शरीरही वेगळे वागू लागते, एवढेच आम्हांला दाखवावयाचे आहे. चौदा चित्रे दाटीवाटीने एकाच भिंतीवर लावली तर जागा वाचते. पण ती ‘वाट’ उरत नाही. हा दोष चित्राचा नसून अवकाशाचा आहे, आणि ‘अवकाश’ हा शब्द ठाऊक असलेल्यालाच तो दाखविता येईल.

पळसदेवचे पळसनाथाचे देऊळ हे माध्यमाविषयी विचार करावयास लावणारे उदाहरण आहे. भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या फुगवट्यात जुने पळसदेव गेले आणि गाव उंचावर नव्याने वसले. पाणी भरले की देऊळ बुडते. एखाद्या उन्हाळ्यात पातळी फारच खाली गेली की ते पुन्हा उघडे पडते आणि पाहणाऱ्यांची रीघ लागते. देवळाचे खालचे अंग दगडाचे आहे, वरचे शिखर विटांचे. दगड आणि वीट पाण्याशी सारखे वागत नाहीत. दगडावरील कोरीव रेषेची धार बोथट होते. विटांच्या बांधकामात सांधे आधी सुटतात. म्हणजे एकाच वास्तूची झीज दोन रीतींनी होते. छायाचित्रात पाण्यातून वर आलेले शिखर मोठे रमणीय दिसते, आणि वर्तमानपत्रे तेच छापतात. पण ‘रमणीय’ या शब्दाखाली झीज झाकली जाते. कोणत्या स्तंभाची कोणती नक्षी आज किती शाबूत आहे, हे दर वेळी कोणी शब्दांत नोंदवून ठेवले असते, तर दोन दुष्काळांमधील हानी मोजता आली असती.

आता आपल्या अधिक जवळच्या चित्रकाराकडे वळू. आंजेलो दा फोन्सेका (१९०२–१९६७) यांचा जन्म गोव्यातील सांतेस्तेव्ह येथील. वैद्यकीय शिक्षण सोडून ते चित्रकलेकडे वळले. मुंबईच्या जे. जे. स्कूलमधील पाश्चात्य वळणाच्या शिक्षणाने त्यांचे समाधान झाले नाही, आणि ते बंगालला अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्यापाशी गेले. पुढे गोव्यात परतल्यावर त्यांच्या चित्रांचे स्वागत झाले नाही. साडी नेसलेली पवित्र मरीया अनेकांना सहन झाली नाही. त्यांनी पुण्याची वाट धरली आणि ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमाचा आश्रय घेतला. त्यांचे पुढील आयुष्य पुण्यातच सरले. आज त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह गोव्यात पर्वरी येथील झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चमध्ये जपलेला आहे. ज्या भूमीने त्यांना प्रथम नाकारले, तिनेच शेवटी त्यांची चित्रे सांभाळली.

फोन्सेकांचे गुरू अवनींद्रनाथ यांनी भारतीय चित्रकलेच्या षडंगांवर लेखन केले होते. ही सहा अंगे वात्स्यायनाच्या ग्रंथावरील यशोधराच्या ‘जयमंगला’ टीकेत आली आहेत: रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजना, सादृश्य आणि वर्णिकाभंग. रूपभेद म्हणजे एक रूप दुसऱ्यापासून वेगळे ओळखू येणे. प्रमाण आपण पाहिलेच. भाव म्हणजे अंगस्थितीतून प्रकटणारी मनोवस्था. लावण्ययोजना म्हणजे त्या भावाला सौष्ठवाचा लगाम. सादृश्य म्हणजे साम्य, आणि वर्णिकाभंग म्हणजे रंग व कुंचला हाताळण्याची रीत. कलेची परिभाषा पश्चिमेकडूनच आणावी लागते, असे समजणाऱ्यांनी ही यादी ध्यानी घ्यावी.

या अंगांनी फोन्सेकांची मरीया पाहिली की काय दिसते? रूपभेद रेषेने साधलेला आहे, सावलीने नव्हे. चेहरा, हात, पदराची कड यांना बारीक, वळणदार बाह्यरेषा आहे. वर्णिकाभंग बंगाली ‘वॉश’ पद्धतीचा: रंग लावावयाचा, कागद पाण्याने धुवावयाचा, पुन्हा रंग लावावयाचा, जेणेकरून रंग कागदात मुरतो आणि कडा मवाळ होतात. भाव मुख्यतः हातांच्या आणि मानेच्या ठेवणीतून येतो. अवकाशात फार खोली नाही.

याच्या शेजारी आंतोनियो झेवियर त्रिंदाद (१८७०–१९३५) यांची कला ठेवून पाहावी. हेही गोमंतकीय, आणि जे. जे. स्कूलच्या परंपरेतील नामांकित चित्रकार. त्यांचे माध्यम तैलरंग, त्यांची ताकद छायाप्रकाशात. एका बाजूने येणारा उजेड कपाळावर, गालावर, हातांवर पडतो आणि देहाला घनता येते. त्रिंदादांच्या व्यक्तिचित्रात माणूस आपल्या समोर बसलेला वाटतो. फोन्सेकांच्या चित्रात मरीया समोर असूनही आपल्या खोलीत नसते. ‘कोणाचे चांगले?’ हा प्रश्न येथे उतावीळपणाचा ठरेल. एकाने वजन दिले, दुसऱ्याने वजन काढून घेतले. दोघांनीही ते जाणूनबुजून केले.

अमेरिकेतील कलाशिक्षक एडमंड फेल्डमन यांनी कलाकृतीकडे जाण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: वर्णन, विश्लेषण, अर्थबोध आणि मूल्यनिर्णय. फोन्सेकांना ज्यांनी नाकारले ते पहिल्या तिन्ही पायऱ्या गाळून चौथीवर चढले: मरीया साडी नेसत नाही, सबब चित्र त्याज्य. परंतु येथे आम्हांला दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द सुनवावेसे वाटतात. फोन्सेकांची स्तुती करणारेही पुष्कळदा तीच उडी मारतात: मरीया साडी नेसली आहे, म्हणून चित्र भारतीय, आणि भारतीय म्हणून थोर. साडी हा विषयाचा भाग आहे, शैलीचा नव्हे. बाजारात मिळणाऱ्या कितीतरी चित्रांत साडी भारतीय असते. चेहरा, छाया आणि पार्श्वभूमी मात्र युरोपीय तसबिरीची नक्कल असते. फोन्सेकांचे भारतीयत्व रेषेत, मुरलेल्या रंगात आणि अवकाशाच्या मर्यादेत आहे. साडी नसती तरी ते उरले असते. १६१६ साली फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध झाले. त्याचे मराठीपणही केवळ शब्दांत नाही. ते ओवीच्या चालीत आहे. फोन्सेकांनी रंगांत केले ते याच जातीचे.

तरीही त्यांना सारेच साधले असे म्हणणे ही भक्ती होईल, समीक्षा नव्हे. बंगाल शैलीवर पुढच्या पिढीने अतिकोमलतेचा आक्षेप घेतला. धुतलेला रंग वात्सल्याला शोभतो. क्रुसाखालच्या आक्रोशाला तो पुरा पडतो का, हा प्रश्न फोन्सेकांच्या बाबतीतही विचारावयास हवा. आमच्या मते त्यांच्या मातृत्वाच्या चित्रांत माध्यम आणि भाव एकजीव होतात. दुःखभोगाच्या विषयांत माध्यमाची मवाळ वृत्ती कधी कधी आड येते. हा निर्णय वादग्रस्त ठरेल. पण वाद घालावयाचा झाला तर रेषा आणि रंग दाखवून घालता येईल, एवढे तरी परिभाषेने साधते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो आदराने ऐकला पाहिजे. चर्चमधील प्रतिमा प्रार्थनेसाठी असतात. त्यांच्यापुढे गुडघे टेकावेत, त्यांचे पृथक्करण करीत बसू नये. इ. स. ७८७ च्या निसियाच्या दुसऱ्या परिषदेने सांगितलेच आहे की प्रतिमेला दिलेला मान तिच्या मूळ व्यक्तीकडे जातो. मग प्रतिमेपाशी एवढे थांबावे कशाला? आमचे उत्तर असे: मान मूळ व्यक्तीकडे जातो हे खरे, पण तो जातो त्या प्रतिमेतून. वीरगळाने मान वर उचलावयास लावली, क्रुसाच्या वाटेने पाय चालविले. प्रतिमेची घडण प्रार्थनेच्या घडणीत उतरते. म्हणूनच दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात कलेसाठी स्वतंत्र प्रकरण लिहिले. ख्रिस्तसभेने कोणतीही एकच शैली आपली मानलेली नाही, भपक्यापेक्षा उदात्त सौंदर्याकडे लक्ष द्यावे, मौल्यवान कलावस्तू हातच्या जाऊ देऊ नयेत, आणि भावी धर्मगुरूंना पवित्र कलेचा इतिहास शिकवावा, असा त्याचा आशय आहे. धर्मगुरूंनी जे शिकावयाचे ते प्रापंचिकांनी शिकू नये, असे कोठेही म्हटलेले नाही.

शिवाय वृत्त ओळखता आले म्हणून मोरोपंतांच्या ‘केकावली’तील आर्तता कोणाची कमी झालेली नाही. पुष्कळांना ती त्यामुळेच अधिक ऐकू आली.

म्हणून बारामती-इंदापूरकडील आणि अन्यत्रच्याही पॅरिश कुटुंबांपुढे आम्ही एक साधी सूचना ठेवतो. मूर्तीला नवा रंग देण्याचा ठराव येण्यापूर्वी कोणीतरी एका वहीत लिहावे: ही वस्तू कशाची आहे, तिच्या रेषा किती खोल आहेत आणि रंगाच्या जाड थराने त्या बुजतील का, मूळ रंग कोठे शिल्लक आहे, चेहऱ्यावरील भाव कोरीव कामातून आलेला आहे की केवळ रंगवलेल्या भुवईतून. शेजारी एक छायाचित्र लावावे. मग ठराव करावा. रंग द्यावयाचे ठरले तरी हरकत नाही; निदान काय होते ते पुढच्या पिढीला कळेल.

आणि त्यासाठी सराव हवा. एखाद्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर मुलांना घेऊन क्रुसाच्या वाटेच्या कोणत्याही एका स्थानासमोर दहा मिनिटे उभे राहावे. ‘छान’ हा शब्द वर्ज्य. प्रत्येकाने दिसते तेवढेच सांगावे: क्रूस कोणत्या बाजूला कलला आहे, उजेड कोठून येतो, गर्दीत कोणाचा चेहरा आपल्याकडे वळला आहे, कोणाचा वळलेला नाही. मुले मोठ्यांपेक्षा अधिक पाहतात. त्यांना शब्द तेवढे पुरवावेत.